सवय झालीय म्हणता, पण हृदयाला विचारलंत का?

आई चिपळूणहून आमच्याकडे राहायला आली त्याला दीड महिना झाला. आमचं घर ठाण्यात, घोडबंदर रोडला अगदी लागून, चौथ्या मजल्यावर. पहिल्या रात्री ती तीनदा उठून बाल्कनीत गेली. सकाळी चहा पिताना म्हणाली, "अगं, हे ट्रक झोपतात तरी कधी?" मी सांगितलं की दिवसा अवजड गाड्यांवर निर्बंध असतात, त्यामुळे सगळी रांग रात्रीच सुटते. दहा दिवसांनी मी मुद्दाम विचारलं, झोप कशी लागतेय? तर म्हणाली, "आता काही वाटत नाही. सवय झाली."

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं आहे. रेल्वे रुळाशेजारी राहणारा म्हणतो, विमानतळाच्या भिंतीला लागून राहणारा म्हणतो, हायवेवर दुकान असणारा म्हणतो. त्यात खोटं काही नसतं. मेंदूला खरोखरच सवय होते आणि दहा-बारा दिवसांनी माणूस उठून बसायचा थांबतो. प्रश्न एवढाच आहे की मेंदूने सोडून दिलेली ही गोष्ट हृदयानेही सोडून दिली का. गेल्या वीसेक वर्षांत युरोपातल्या संशोधकांनी या प्रश्नाचा चांगला पिच्छा पुरवला आहे. तो पुरवताना त्यांना आणखी एक कोडं भेटलं: त्याच आवाजाचा पुरुषांवर आणि बायकांवर होणारा परिणाम सारखा दिसत नाही. कधी पुरुषांवर जास्त दिसतो, कधी बायकांवर. ते कोडं मला जास्त रंजक वाटतं. पण आधी शरीरात काय होतं ते पाहू.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान चालू असतो. त्याच्याकडून आलेली बातमी मेंदूच्या दोन खात्यांत जाते. एक खातं आवाजाचा अर्थ लावतं: हा ट्रक आहे, घाबरायचं कारण नाही. दुसरं खातं फार जुनं आहे. त्याला ट्रक माहीत नाही. अंधारात मोठा आवाज म्हणजे धोका, एवढंच त्याला कळतं. ते लगेच ॲड्रेनालिन सोडायला लावतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. आवाज लांबत राहिला तर मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन येतं. वाघ मागे लागला असता तर ही सगळी तयारी कामाची होती. इथे वाघ नाही, चौदा चाकी कंटेनर आहे आणि आपण चादरीत आहोत.

चार युरोपीय विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० जणांचा रक्तदाब त्यांच्याच घरी, रात्रभर, दर १५ मिनिटांनी मोजला गेला. शेजारी आवाज टिपणारं यंत्रही ठेवलेलं होतं. ज्या १५ मिनिटांत विमान गेलं, त्यात वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी आणि खालचा ७ अंकांनी चढलेला दिसला, आणि त्यासाठी माणूस जागा व्हावा लागला नाही. गंमत म्हणजे शेजारी झोपलेल्याच्या घोरण्यानेही साधारण असंच होतं. आवाज कुठून आला याच्याशी त्या जुन्या खात्याला काही देणंघेणं नसतं.

आता कोणी म्हणेल, सहा अंक म्हणजे काय मोठं? जिना चढलं तरी याहून जास्त वाढतो. बरोबर. पण जिना आपण दिवसा चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो. ती हृदयाची आणि नळ्यांची विश्रांतीची वेळ असते. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरत नाही, त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हे आवाजाच्या संशोधनाच्या आधीपासून माहीत आहे. रात्रीत पन्नास ट्रक गेले तर ती उतरण पन्नासदा मोडते.

याच्या पुढची पायरी जर्मनीतल्या माइन्झ शहरात पाहिली गेली. तिथले हृदयरोगतज्ज्ञ टोमास म्युन्झेल यांच्या गटाने ७५ निरोगी तरुण मुलामुलींना, सरासरी वय २६, त्यांच्याच घरी झोपवलं. एक रात्र नेहमीसारखी, एका रात्री स्पीकरवरून ३० विमानं, एका रात्री ६०. सकाळी प्रत्येकाच्या दंडाची धमनी तपासली. तपासणी अशी: हातावर रक्तदाबाचा पट्टा काही मिनिटं घट्ट बांधायचा, सोडायचा आणि रक्ताचा लोंढा आल्यावर धमनी किती फुलते ते सोनोग्राफीने पाहायचं. चांगली धमनी छान फुलते, कारण तिचं आतलं पातळ अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून भिंतीला सैल पडायला सांगतं. विमानांच्या रात्रीनंतर ती कमी फुलली. ६० विमानांनंतर ३० पेक्षाही कमी. रक्तातलं ॲड्रेनालिन वाढलेलं होतं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांनी आधी ३० विमानांची रात्र काढली होती, त्यांच्यावर नंतरच्या ६० विमानांचा परिणाम जास्त झाला. म्हणजे सवय होऊन धमनी निगरगट्ट व्हायला हवी होती, ती उलट हळवी झाली. काही जणांना क जीवनसत्त्व दिल्यावर धमनी पुन्हा बरी फुलली, त्यावरून अस्तराचं नुकसान ऑक्सिडीकरणाच्या वाटेने होतं असा अंदाज निघाला. (हे वाचून कोणी रात्री लिंबू सरबत सुरू करू नये. तो प्रयोगातला पुरावा होता, औषधाची चिठ्ठी नव्हे.)

हे झालं एका रात्रीचं. हेच दहा-पंधरा वर्षं चालू राहिलं तर नळ्या कडक होत जातात, सूज धुमसत राहते, रक्तदाब वरच्या पायरीवर मुक्कामाला येतो. बॉस्टनमध्ये सुमारे ५०० जणांचे मेंदूचे आणि धमन्यांचे स्कॅन त्यांच्या घराजवळच्या आवाजाशी ताडून पाहिले. जिथे आवाज जास्त तिथे मेंदूतला भीतीचं काम पाहणारा बदामाएवढा भाग जास्त धगधगता, आणि धमन्यांमध्ये सूजही जास्त. साखळी कागदावर तरी जुळली: कान, भीतीचा बदाम, धमनी.

थोडं डेसिबलबद्दल बोलावं लागेल, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. हे माप किलो-मीटरसारखं सरळ चढत नाही. ५५ वरून ६५ झालं की आवाजाची ऊर्जा दसपट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. रस्त्यावरच्या गाड्या बरोबर निम्म्या केल्या तर यंत्रावर फक्त ३ डेसिबल उतरतात. म्हणून "दोन-चार डेसिबलनी काय होतंय" असं कोणी म्हणालं की समजायचं, गृहस्थाने हिशेब सरळ केला आहे. मी फोनमधल्या ॲपवर पाहिलं तर रात्री अडीचला, खिडकी उघडी असताना, आमच्या बेडरूममध्ये आकडा पन्नासच्या आसपास रेंगाळत होता आणि ट्रक गेला की ६८-७० वर उडी मारत होता. फोनचा माईक काही प्रयोगशाळेतला नव्हे, तेव्हा त्या आकड्याला मी शपथेवर उभं करणार नाही. पण उडी खरी होती.

आता ते कोडं.

बर्लिनमधल्या ३२ रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. वय २० ते ६९ मधले एकूण ४,११५ रुग्ण घेतले. त्यातल्या १,८८१ जणांना हार्ट अटॅक आलेला होता, बाकीचे दुसऱ्या कारणांनी भरती झालेले. प्रत्येकाचा पत्ता घेतला, शहराच्या आवाजाच्या नकाशावर तो शोधला आणि दोन्ही गटांची तुलना केली. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला: जे पुरुष एकाच घरात किमान १० वर्षं राहत होते आणि ज्यांच्या घरासमोर ७० डेसिबलच्या वर वाहतूक होती, त्यांना शांत रस्त्यावरच्या पुरुषांपेक्षा हार्ट अटॅकची जोखीम सुमारे १.८ पट. बायकांमध्ये वाढ दिसली नाही.

झालं, आवाज पुरुषांच्या हृदयाला लागतो.

मग २००६ मध्ये त्याच अभ्यासातून, त्याच ४,११५ रुग्णांवर आधारलेला दुसरा लेख आला. या वेळी मांडणी वेगळी होती आणि कामाच्या ठिकाणचा आवाजही धरला होता. निष्कर्ष: घराभोवतीच्या आवाजाने पुरुषांची जोखीम दीडपटीच्या जवळ, आणि बायकांची तीन पटींहून जास्त! कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा परिणाम फक्त पुरुषांत. आणि "रात्री आवाजाचा त्रास होतो" असं सांगणाऱ्यांत जोखीम वाढलेली दिसली ती फक्त बायकांत.

तेच रुग्ण, तीच रुग्णालयं. एक लेख म्हणतो पुरुष, दुसरा म्हणतो बायका. वर्तमानपत्रात यातला एकच लेख आला असता तर मथळा कसा झाला असता याची कल्पना करा. शास्त्रज्ञ खोटं बोलत होते का? मुळीच नाही. इथे दोन गोष्टी समजून घेतल्या की असल्या बातम्यांकडे पाहायची नजरच बदलते.

पहिली गोष्ट साध्या मोजणीची. त्या ४,११५ मध्ये पुरुष ३,०५४ होते आणि बायका १,०६१. बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो. त्यामुळे ६९ व्या वर्षी रेघ मारली की बायकांचे बरेचसे हार्ट अटॅक रेघेपलीकडेच राहतात. हाती लागतात त्या थोड्या. थोड्या माणसांवरून काढलेला आकडा पत्त्यांच्या घरासारखा हलतो. त्या "तीन पट" आकड्याभोवती संशोधकांनी स्वतःच जी हद्द छापली होती, म्हणजे खरा आकडा जिच्या आत असावा ती, १.४ पटीपासून ८ पटीपर्यंत होती. म्हणजे प्रत्यक्षात जोखीम किंचित वाढलेली असू शकते, नाहीतर प्रचंड. पुरुषांची हद्द १.०२ ते २.०९, बरीच आवळ. तेव्हा "बायकांना तिप्पट धोका" असं म्हणणाऱ्याने या हद्दी वाचलेल्याच नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त पटते, आणि ती आकडेशास्त्राची नाही, घरातली आहे. या सगळ्या अभ्यासांत आवाज मोजतात तो कुठे? घराच्या भिंतीवर. माणूस त्या भिंतीच्या आत दिवसातले किती तास असतो, हे नकाशाला ठाऊक नसतं.

आमचंच घर घ्या. नवरा सकाळी साडेआठला निघतो, ऐरोलीला एसी ऑफिसात बसतो, रात्री आठला येतो. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. आई चोवीस तास घरात. नकाशावर आमच्या तिघांपुढे एकच आकडा लिहिला जाईल. आता इथून फार लांब नसलेल्या भिवंडीतला एखादा पॉवरलूम कामगार डोळ्यांसमोर आणा. बारा तास मागाच्या खडखडाटात, जिथे शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. त्याचं घर समजा आतल्या शांत गल्लीत आहे. नकाशा म्हणेल, हा शांततेत राहतो. उद्या त्याचा रक्तदाब वाढला की तो "शांत घर" या रकान्यात मोजला जाणार आणि सगळा हिशेब पुसट करणार. जगभर गोंगाटाच्या कामांवर पुरुष जास्त आहेत आणि दिवसभर घरात बायका, म्हातारी माणसं जास्त आहेत. घराच्या भिंतीवरचं माप बायकांच्या बाबतीत खऱ्याच्या जवळ जातं, पुरुषांच्या बाबतीत वाऱ्यावर जातं. बर्लिनच्या दुसऱ्या लेखात कामाचा आवाज पुरुषांना आणि घराभोवतीचा बायकांना जास्त लागलेला दिसला, तो मला याच चष्म्यातून वाचावासा वाटतो. हार्मोनकडे धाव घेण्याआधी कोण कुठल्या खिडकीत किती तास बसतं हे विचारावं, असं माझं मत आहे.

अर्थात सगळंच खिडकीवर ढकलता येत नाही. सहा मोठ्या युरोपीय विमानतळांभोवती, लंडनच्या हीथ्रोपासून अथेन्सपर्यंत, ४,८६१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाब असण्याची शक्यता १४ टक्क्यांनी जास्त, बायकांत आणि पुरुषांत फारसा फरक नाही. रस्त्याच्या आवाजाचा परिणाम मात्र पुरुषांत जास्त ठसठशीत दिसला. मग याच मंडळींतल्या चारशेच्या वर लोकांची लाळ घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. आता पारडं फिरलं! ६० डेसिबलच्या वर विमानं ऐकणाऱ्या बायकांचं सकाळचं कॉर्टिसॉल शांत भागातल्या बायकांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त. पुरुषांत ठळक फरक नाही. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाजवळ लोकांवर आठ-दहा वर्षं लक्ष ठेवलं, तिथे रक्तदाबाच्या बाबतीत पुन्हा खूण दिसली ती पुरुषांतच. एकदा छापा, एकदा काटा.

शरीराच्या बाजूने सांगायचं तर पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन त्या आतल्या अस्तराची राखण करतं, नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतं. पाळी गेली की ती राखण सुटते. त्याच वयात बायकांची झोप उडते, घाम येऊन रात्री जाग येते, रक्तदाब वर सरकू लागतो. पुरुषाला ते कवच कधीच नव्हतं, त्यामुळे तो पंचेचाळिशीतच उघडा पडतो. म्हणजे "स्त्री की पुरुष" या प्रश्नात "कोणत्या वयाची" हा प्रश्न दडलेला आहे. पस्तिशीची बाई आणि साठीची बाई यांना एका रकान्यात घातलं तर उत्तर गढूळच येणार.

झोपेच्या बाजूने सगळ्यात अंगावर येणारा अभ्यास झुरिकचा. तिथल्या विमानतळाजवळ २००० ते २०१५ या काळात हृदयरोगाने झालेले जवळपास २५ हजार मृत्यू संशोधकांनी घेतले आणि एक हुशारी केली. माणसामाणसांची तुलना करण्याऐवजी त्याच माणसाच्या वेगवेगळ्या रात्रींची तुलना केली. ज्या रात्री मृत्यू आला त्याआधीच्या दोन तासांत घरावरून किती आवाज गेला, आणि त्याच महिन्यातल्या दुसऱ्या रात्री, त्याच वाराला, त्याच वेळी किती गेला होता? त्यामुळे हा विडी ओढायचा का, तो जाडा होता का, पैसेवाला होता का, हे प्रश्नच बाद होतात. माणूस तोच आहे. वारा फिरला की विमानं वेगळ्या बाजूने उतरतात, म्हणून एकाच घरावर काही रात्री गजबजलेल्या आणि काही शांत असतात, निसर्गानेच प्रयोग लावून ठेवल्यासारख्या. निष्कर्ष असा की आधीच्या दोन तासांत ४० ते ५० डेसिबलचा आवाज असेल तर मृत्यूची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त, ५५ च्या वर ४४ टक्क्यांनी. सगळे मिळून सुमारे ८०० मृत्यूंमागे, म्हणजे शंभरातल्या तिघांमागे, विमानाच्या आवाजाचा धक्का असावा असा अंदाज निघाला.

आणि इथे परिणाम बायकांत जास्त होता. शिवाय जिथे रस्त्याचा-रेल्वेचा आवाज कमी, म्हणजे एरवी शांत, अशा भागात जास्त. याचा अर्थ लावताना मला आईची पहिली रात्र आठवते: शांततेतून अचानक आलेला आवाज जास्त बोचतो. आवाजाचे हे चढउतार किती, याचं वेगळं मापच स्विस संशोधकांनी तयार केलं आहे. आपल्याकडे ते फार उपयोगी पडेल. युरोपातला रस्ता एकसुरी घोंघावतो. आपला रस्ता घोंघावतो आणि वर हॉर्न वाजवतो.

एवढं वाचून छातीत धडधडायला लागलं असेल तर जरा थांबा, कारण धोक्याचा आकारही सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सगळे अभ्यास चाळून युरोपासाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यात रस्त्याच्या आवाजाबद्दलचा आकडा असा: ५३ डेसिबलच्या वर दर १० डेसिबलला हृदयाच्या धमन्यांच्या विकाराची जोखीम ८ टक्क्यांनी वाढते. समजा एखाद्या गटातल्या शंभरांतल्या दहा जणांना पुढच्या काही वर्षांत हा विकार होणार असेल, तर दसपट वाहतूक असलेल्या रस्त्यावर तो १०.८ जणांना होईल. एका माणसापुरतं पाहिलं तर किरकोळ. तंबाखू, मधुमेह, न तपासलेला रक्तदाब यांच्यापुढे तर अगदीच. पण तंबाखू सगळे खात नाहीत, रस्ता मात्र सगळ्यांच्या दारात आहे. ०.८ ला काही लाखांनी गुणलं की तो आकडा किरकोळ राहत नाही. युरोपीय पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडलेला हिशेब होता: आवाजामुळे युरोपात दरवर्षी १२ हजार अकाली मृत्यू.

शंका येतेच, की रस्त्यावर आवाज असतो तिथे धूरही असतो, मग दोष आवाजाचा कशावरून? शंका रास्त आहे, आणि संशोधकांनाही ती सतावत होती. ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ४६ हजार लोकांच्या नोंदी घेऊन २०२३ मध्ये ते तपासलं गेलं. धुराचा हिशेब वेगळा काढल्यावरही रस्त्याच्या आवाजाबरोबर उच्च रक्तदाब वाढत जाताना दिसला. दोन्ही एकत्र जास्त असतील तिथे सगळ्यात वाईट, म्हणजे आमच्या बाल्कनीत.

आपल्याकडे आवाज म्हटलं की वाद होतो तो गणपतीतल्या डीजेवर, दिवाळीच्या फटाक्यांवर, भोंग्यांवर. तो वाद व्हायलाच हवा. भिंत हलवणाऱ्या डीजेपुढे उभं राहणाऱ्याचे कान कायमचे जाऊ शकतात. पण तो वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांचा आवाज आहे, आणि त्याच्यासाठी निदान पोलिसांना फोन तरी करता येतो. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास उरलेल्या तीनशे पंचेचाळीस रात्रींबद्दल आहेत, ज्यांची तक्रार कोणाकडे करायची हेच कळत नाही. कागदावर आपला कायदा चांगला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६, ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. रस्त्याच्या रात्रीच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनाही ४५ च म्हणते. फक्त ट्रकला हे कोणी वाचून दाखवलेलं नाही. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एक झकास प्रयोग केला होता: सिग्नलला थांबलेल्यांनी हॉर्न वाजवून ८५ डेसिबल ओलांडले की लाल दिव्याचा काउंटर पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागायचा. लोक हसले, व्हिडिओ जगभर फिरला. हॉर्न आहेत तिथेच आहेत.

रस्ता हलवता येत नाही, खाट हलवता येते. आवाज उघड्या खिडकीतून आत येताना साधारण १० ते १५ डेसिबल गमावतो, बंद खिडकीतून आणखी बराच. पण मे महिन्यात ठाण्यात खिडकी बंद करून झोपायला सांगणारा माणूस एसीचं बिल भरणारा असावा लागतो. त्यापेक्षा इमारतीची मागची बाजू बरी. रस्त्याकडे पाठ करून असलेल्या खोलीत दहा डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि दहा डेसिबल म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीत आहे. गंमत बघा, आपल्या फ्लॅटमध्ये रस्त्याकडची खोली "हवेशीर" म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आदराने देतात. म्हणजे ज्याच्या हृदयाला शांतता सगळ्यात जास्त हवी, तो बरोबर ट्रकांच्या तोंडाशी.

आणखी एक, खास बायकांसाठी. छातीत दुखणं हे हार्ट अटॅकचं मुख्य लक्षण दोघांतही असतं. पण बायकांत त्याच्या जोडीला, किंवा कधी त्याच्याऐवजी, दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, न कळणारा थकवा ही लक्षणं जास्त दिसतात. आपल्या घरांत त्याचं निदान स्वयंपाकघरातच होतं: "पित्त झालंय, रात्री झोप नव्हती ना." झोप का नव्हती हे कोणी विचारत नाही, आणि ते पित्तच आहे का हेही नाही. चाळिशी उलटलेल्या, दिवसरात्र रस्त्याकडच्या घरात असणाऱ्या बाईचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजलेला असावा. आमच्याकडे बाबांचा दर तीन महिन्यांनी मोजला जातो. आईचा शेवटचा कधी मोजला होता हे तिला आठवेना. मोजला, तर वरचा १४८ निघाला. त्याला ट्रक जबाबदार आहेत असं मी म्हणणार नाही. त्यात तिचं लोणचं आहे, वय आहे, आजीचा वारसा आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी माझ्याकडून तिची खाट मागच्या, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवली. पहिल्या सकाळी तिने दोन तक्रारी केल्या. एक, या खिडकीतून काही दिसत नाही. दोन, पहाटे पाचला कबुतरं सुरू होतात.

"पण झोप?"

"झोप लागली गं. ट्रक ऐकायला येत नव्हता तेव्हा कळलं, एवढे दिवस ऐकू येत होता."

पुढच्या आठवड्यात बाबा येताहेत. बाबा घोरतात.